सांगूनही एजंट डेटा उडवतो? प्रॉम्प्ट सोडा, डेटाबेसचे अधिकार तपासा

तक्रार जवळपास त्याच शब्दांत येते. "भाऊ, त्याला स्पष्ट लिहून दिलं होतं, डिलीट करायचं नाही म्हणून. चांगलं चालून राहिलं होतं. काल पुन्हा उडवलं." परसोडीच्या आयटी पार्कातली टीम असो, मिहानमधली असो, नाहीतर धरमपेठेत दोन खोल्यांत बसणारी चार पोरं असोत, गोष्ट तीच. रिपोर्ट काढायला, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या आज्ञा) लिहायला, जुना कचरा साफ करायला म्हणून एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः पायऱ्या ठरवून करणाऱ्या प्रोग्रामला) डेटाबेस जोडून दिलेला असतो. एक दिवस ओळी गायब होतात. बॅकअपमधून कशाबशा परत आणल्या जातात आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनेत, ठळक अक्षरात आणखी एक वाक्य वाढतं. थोडे दिवस शांततेत जातात, मग पुन्हा तेच.

मी नागपुरातल्या लहान टीम्सचे डेटाबेस बघतो, त्यामुळे ही दुरुस्ती माझ्याकडे वारंवार येते. माझं मत ठाम आहे. प्रॉम्प्टमधलं वाक्य सुधारत बसलात तर फक्त वेळ जाईल. एजंट ज्या लॉगिनने डेटाबेसमध्ये शिरतो, त्या लॉगिनला जे जे करता येतं ते तो कधी ना कधी करणार असं धरून चला आणि त्या लॉगिनच्या हातून नुकसानीची कामं काढून घ्या. खालची माहिती पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहिली आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आत्ताच उडालं असेल तर आधी हे

एजंटलाच "परत आण" म्हणून सांगू नका. तो बिघडलेल्या डेटावर आणखी लिहून ठेवतो आणि मूळ काय होतं ते शोधणं दुप्पट अवघड होतं. आधी त्याचं लॉगिन बंद करा. रोलला (पोस्टग्रेसमधल्या युजरला) नो-लॉगिन केलं तरी आधीपासून उघडी असलेली सेशन्स तुटत नाहीत, ती पीजी टर्मिनेट बॅकएंड या फंक्शनने वेगळी तोडावी लागतात. हे राहून गेलं तर बंद केलेला एजंट आरामात काम करत राहतो.

मग लॉगमधून घटनेची नेमकी वेळ टिपा. वॉल आर्काइव्ह (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींचा साठा) चालू असेल तर त्या वेळेच्या जरा आधीपर्यंतचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर उभा करा आणि तिथून फक्त गेलेल्या ओळी आणा. घाईत चालू डेटाबेसवरच रात्रीचा बॅकअप चढवला तर दिवसभरात माणसांनी केलेल्या खऱ्या नोंदीही जातात. आर्काइव्ह नसेल आणि ओळी डिलीटने गेल्या असतील, तर त्या टेबलाचं ऑटोव्हॅक्यूम (काढलेल्या ओळींची जागा आपोआप मोकळी करणारं काम) लगेच बंद करा आणि डेटा डिरेक्टरीची प्रत काढून ठेवा. व्हॅक्यूम होईपर्यंत त्या ओळी सहसा फाइलमध्ये पडून असतात, जाणकार माणूस त्या बाहेर काढू शकतो. ट्रंकेट (सगळं टेबल एकदम रिकामं करणं) किंवा ड्रॉप (टेबलच काढून टाकणं) झालं असेल तर मात्र ही आशा नाही, तिथे फाइलच जाते.

आणि एजंट म्हणाला की डेटा परत मिळणं शक्य नाही, तर ते प्रमाण मानू नका. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या एजंटने जेसन लेमकिन या गुंतवणूकदारांचा चालू डेटाबेस साफ केला, तेव्हा हेच झालं होतं. काही बदलायचं नाही अशी सूचना त्याला वारंवार दिलेली होती. तरीही १,२०० हून जास्त अधिकाऱ्यांच्या नोंदी गेल्या. वर रोलबॅक (मागच्या स्थितीत परतणं) होणार नाही असंही त्याने सांगितलं, आणि लेमकिन यांनी स्वतः करून पाहिला तर रोलबॅक झाला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली, आणि त्यानंतर त्यांनी जे केलं ते ध्यानात घेण्यासारखं आहे: सॉफ्टवेअर बनवताना वापरायचा डेटाबेस आणि खऱ्या कामाचा चालू डेटाबेस मुळातच वेगळे केले.

पुन्हा पुन्हा का होतं

कळमन्याच्या अडत्यांचा हिशोब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळा रोग दिसतो. आंबिया बहाराचे दिवस. काटोलकडून एका शेतकऱ्याची संत्र्याची गाडी येते, माल दोन ढेऱ्यांत लागतो. दोन्हींचा लिलाव एकाच भावाने सुटतो, वजनही जुळतं. टेबलात दोन ओळी पडतात: नाव तेच, तारीख तीच, भाव तोच, वजन तेच. वेगळा असतो तो फक्त पावती क्रमांक. एजंटला काम दिलेलं असतं, "डुप्लिकेट नोंदी काढून टाक." तो एक ओळ ठेवतो, दुसरी काढतो आणि नीटनेटका अहवाल देतो की तंतोतंत सारख्या नोंदी सापडल्या व साफ केल्या. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत निम्मा माल दिसतच नाही. तो अडत्याच्या गाळ्यावर येऊन विचारतो तेव्हा कळतं.

यात एजंटने आज्ञा मोडलेली नाही. सांगितलेलंच केलं. टीमने मग प्रॉम्प्टमध्ये लिहिलं की पावती क्रमांक वेगळा असेल तर डुप्लिकेट समजू नकोस. पुढच्या वेळी खरोखरच्या डुप्लिकेट ओळी काढताना फॉरेन कीची (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणाऱ्या नियमाची) चूक आली, कारण त्या ओळींवर पैसे चुकते केल्याच्या नोंदी टांगलेल्या होत्या. एजंटने त्या नोंदी आधी काढल्या, मग मूळ ओळी. त्याच्या लेखी ती चूक म्हणजे कामातला अडथळा होता आणि त्याने तो दूर केला. हीच या साधनांची ताकद आहे आणि हाच धोका. काम पूर्ण करण्याच्या दिशेने ते वाट काढत राहतात.

यात भर म्हणजे प्रॉम्प्टमधली सूचना हा मजकूर आहे. संभाषण लांबलं की जुना भाग आटवून त्याचा सारांश केला जातो आणि त्यात "फक्त वाचायचं" ही अट फिकट होते. शिवाय एजंट जे वाचतो तेही मजकूरच असतं. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात कुणी मुद्दाम एखादी आज्ञा लिहून ठेवली, तर ती आणि तुमची सूचना एकाच ताटात येतात. सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेने भाषा-मॉडेलांच्या धोक्यांच्या यादीत गरजेपेक्षा जास्त अधिकार हा स्वतंत्र धोका म्हणून घेतला आहे, तो याचसाठी. तत्त्व मात्र जुनंच आहे. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार असावेत.

तो आत येतो कोण म्हणून, ते बघा

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. एजंटच्या जोडणीतून चालू युजरचं नाव विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं "पोस्टग्रेस", म्हणजे सुपरयुजर, ज्याला सगळं करता येतं. नाहीतर ॲपचाच युजर येतो. ॲप, एजंट, मायग्रेशन आणि डेव्हलपरचं पीजीॲडमिन (डेटाबेस बघायचं साधन), सगळे एकाच लॉगिनने. मग लॉग उघडून तरी काय कळणार? कुणी उडवलं याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच येतं. मायएसक्यूएल सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलवरून घेतलं असेल तर "ऑल प्रिव्हिलेजेस" ही एक खूण करून काम उरकलेलं असतं.

दुसरी तपासणी टेबलांच्या मालकाची. इथे पुष्कळ जण फसतात. पोस्टग्रेसमध्ये ड्रॉप हा देता-काढता येणारा अधिकार नाही, तो मालकीतून येतो. मालक असलेल्या रोलकडून डिलीटचा अधिकार काढला तरी तो स्वतःला परत देऊ शकतो. मायग्रेशन ज्या युजरने चालतात तोच टेबलांचा मालक होतो, आणि तेच लॉगिन एजंटला दिलं असेल तर बाकीच्या सगळ्या मनाया शोभेच्या ठरतात. मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप हा वेगळा अधिकार आहे आणि ट्रंकेटलाही तोच लागतो. तिथे ड्रॉप, ट्रंकेटसारख्या आज्ञांनी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्र मागे घेता येणाऱ्या आज्ञांचा गट) आपोआप पक्कं होतं, त्यामुळे रोलबॅकचा आधार नाही. पोस्टग्रेसमध्ये कमिट (पक्कं) होण्याआधी ड्रॉपसुद्धा मागे घेता येतो.

तिसरी गोष्ट डेटाबेसच्या बाहेरची. एजंटला टर्मिनल मिळालेला असेल तर प्रोजेक्टमधली एन्व्ह फाइल (पासवर्ड वगैरे ठेवायची) तो वाचू शकतो. त्यात चालू डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तुम्ही त्याला दिलेलं मर्यादित टूल कितीही चोख असो, तो सरळ पीएसक्यूएल (टर्मिनलमधून पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचं साधन) चालवून आत जाईल. एजंट ज्या मशीनवर चालतो तिथे चालू डेटाबेसचा मालकी पासवर्ड नसलाच पाहिजे. लाराव्हेल या वेब-फ्रेमवर्कमध्ये मायग्रेट फ्रेशसारख्या (सगळी टेबलं पाडून नव्याने बांधणाऱ्या) आज्ञा प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू डेटाबेसवर, रोखण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. पण ती ओळ कोडमध्ये असते आणि कोड एजंटही बदलतो. प्रिस्मा या डेटाबेस हाताळणाऱ्या साधनात टेबलांची रचना जुळली नाही की डेटाबेस रीसेट करायला सुचवलं जातं. माणूस तिथे थबकतो. "मायग्रेशन चालव" एवढंच सांगितलेल्या एजंटसाठी तो कामाचाच पुढचा टप्पा असतो.

अधिकार कसे बांधावेत

टेबलांचा मालक हा लॉगिनच नसलेला रोल करा. मायग्रेशनच्या वेळी माणसाने तो रोल घ्यायचा. ॲपला वाचणं, घालणं, बदलणं द्या, आणि डिलीट फक्त ज्या टेबलांवर खरोखर लागतं तिथेच. एजंटला त्याचं स्वतःचं लॉगिन, त्यावर फक्त सिलेक्ट, आणि तेही शक्यतो व्ह्यूवर (टेबलाचा निवडक भाग दाखवणाऱ्या झरोक्यावर). रिपोर्टचं काम असेल तर त्याला रेप्लिकाच (मूळ डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) द्या. स्ट्रीमिंग रेप्लिकावर लिहिताच येत नाही आणि तिथे ही मर्यादा सेशनमधून उठवता येत नाही. माझ्या मते लहान टीमसाठी सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात भक्कम उपाय हाच.

नवीन टेबलांसाठी डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस (पुढे बनणाऱ्या टेबलांना आपोआप लागणारे अधिकार) लावून ठेवा. हे राहिलं की नवीन टेबलावर एजंट अडतो, आणि संध्याकाळी घरी जायच्या घाईत कुणीतरी "दे त्याला सगळं" करून मोकळा होतो. एक खाच लक्षात असू द्या: ही आज्ञा ज्या रोलच्या नावाने दिली, त्याच रोलने बनवलेल्या टेबलांना लागू होते. म्हणून मायग्रेशन ज्या रोलने चालतात त्याच्या नावाने द्या.

फटी, ज्या नंतर सापडतात

अपडेटकडे दुर्लक्ष होतं. डिलीट काढून घेतला, अपडेट ठेवला, आणि एजंटने अट न लावता भावाचा रकाना शून्य केला, तर ओळी जागेवर आहेत पण बाजार गेला. पोस्टग्रेसमध्ये अपडेट रकान्यापुरता देता येतो. एजंटला शंकेची खूण करायची असेल तर फक्त त्या खुणेच्या रकान्यावर द्या.

फंक्शन्स बघा. पोस्टग्रेसमध्ये नवं फंक्शन चालवण्याचा अधिकार मुळात सगळ्यांना असतो. कुणी कधीतरी "जुन्या नोंदी काढा" असं फंक्शन सिक्युरिटी डिफायनर म्हणून लिहून ठेवलं असेल, तर ते मालकाच्या अधिकाराने चालतं आणि साध्या सिलेक्टमधून बोलावता येतं. फक्त वाचनाचं लॉगिन असलेला एजंट असा डेटा काढू शकतो. पब्लिककडून एक्झिक्यूट काढून घ्या आणि गरजेपुरता परत द्या.

कॅस्केडही तसंच. मूळ टेबलावर डिलीट असेल आणि पोटटेबलावर नसेल, तरी फॉरेन कीला ऑन डिलीट कॅस्केड लावलेलं असलं की पोटटेबलातल्या ओळी जातात, कारण ते काम पोटटेबलाच्या मालकाच्या नावाने होतं. एका शेतकऱ्याची ओळ गेली की त्याच्या सगळ्या पावत्या गेल्या. हिशोबाच्या टेबलांवर कॅस्केड लावूच नये असं माझं मत आहे, एजंट असो वा नसो.

ट्रंकेट ओळींवरच्या डिलीट ट्रिगरला (ओळ काढताना आपोआप चालणाऱ्या कोडला) जागं करत नाही, ओळींवरच्या सुरक्षा धोरणांनाही जुमानत नाही. डिलीट झालेल्या ओळी ट्रिगरने बाजूला ठेवतो म्हणून निर्धास्त असाल तर हे एकदा तपासा.

आणि "रीड ओन्ली मोड". युजरवर डीफॉल्टने वाचनाचं ट्रान्झॅक्शन लावलं तर ते त्याच सेशनमधून बंद करता येतं. काही टूल्स एजंटची क्वेरी वाचनाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून पाठवतात. क्वेरीतच आधी कमिट आणि नंतर ड्रॉप लिहिलेला असेल, आणि टूल एका खेपेत अनेक आज्ञा जाऊ देत असेल, तर ते वेष्टण फाटतं. एमसीपी (एजंटला बाहेरची साधनं जोडायची पद्धत) टूलवर "हे फक्त वाचणारं आहे" अशी खूण असते, तीही टूल बनवणाऱ्याने केलेलं विधान असतं, त्याने काही अडत नाही. हे सगळं असू द्या, पण दुसरा थर म्हणून. पहिला थर लॉगिनचे अधिकार.

साफसफाई एजंटकडून करवायचीच असेल तर

करवा, हरकत नाही. डुप्लिकेट शोधण्यात तो माणसापेक्षा पटाईत आहे, फक्त काढणं त्याच्या हातात नको. जुन्या पेढ्यांत व्हाउचर मुनीम लिहितो आणि सही शेठची असते, तसं करा. "हटवण्याचे प्रस्ताव" असं एक टेबल ठेवा. एजंटला त्यात फक्त नवीन ओळ घालता येईल: कुठलं टेबल, कुठली ओळ, कारण काय, आणि त्या क्षणी ती ओळ जशी होती तशी पूर्ण नक्कल. प्रत्यक्ष काढणारी प्रोसिजर वेगळ्या रोलची, जी चालवण्याचा अधिकार एजंटला नाही. ती ओळ काढण्याआधी तपासते की प्रस्तावानंतर ओळ बदलली नाही ना, एका खेपेत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त ओळी नाहीत ना, आणि काढलेली ओळ संग्रहाच्या टेबलात टाकते. हे तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

मंजुरीच्या पडद्यावर क्वेरी दाखवू नका, ओळी दाखवा. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डेव्हलपरसमोर डिलीटची आज्ञा आली की तो व्याकरण बघून "हो" दाबतो. वरच्या उदाहरणातल्या संत्र्याच्या त्याच दोन ओळी मुनीमासमोर शेजारी शेजारी ठेवा, पावती क्रमांकासकट. तो क्षणात सांगतो की या दोन ढेऱ्या आहेत, हात लावू नका. मंजुरी त्याच माणसाकडून घ्या ज्याला त्या ओळीचा अर्थ माहीत आहे. आणि प्रत्येक बारीकसारीक कामाला मंजुरी मागू नका. दिवसभर बटण दाबत बसलेला माणूस दुपारनंतर वाचणं सोडतो.

बॅकअप त्याच्या हाताबाहेर ठेवा

ज्या क्लाउड खात्याच्या किल्लीने एजंट सर्व्हर चालवतो त्याच किल्लीने बॅकअप पुसता येत असेल तर तो बॅकअप मोजू नका. ॲमेझॉनच्या एसथ्री साठ्यावर ठेवत असाल तर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखून ठेवणं) चालू करा आणि जुन्या आवृत्त्या पुसण्याचा वेगळा अधिकार एजंटच्या किल्लीला देऊ नका. ऑब्जेक्ट लॉक कंप्लायन्स मोडमध्ये लावला तर ठरलेल्या मुदतीत मूळ खातेदारालाही ती आवृत्ती पुसता येत नाही. मुदत विचार करून ठरवा, कारण तोवर जागेचे पैसेही टळत नाहीत.

बॅकअप परत चढवून बघितला नसेल तर तो आहे की नाही हेही सांगता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अनुभवी माणसाच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. तेव्हा कळलं की रोजचा पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढायची आज्ञा) आवृत्ती न जुळल्यामुळे कधीपासून फसत होता आणि त्याची सूचना कुणापर्यंत पोचतच नव्हती. हाताशी होती ती सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत. तिथे एजंट नव्हता. एजंट आला की तीच चूक माणसाच्या कितीतरी पट वेगाने होते, एवढाच फरक.

परवडत असेल तर एक रेप्लिका मुद्दाम काही तास मागे ठेवा, पोस्टग्रेसमध्ये ती सोय आहे. चूक वेळेत दिसली तर तिथे डेटा जसाच्या तसा उभा असतो.

शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती तुमच्या टेबलात असतील तर कायद्याचाही भाग येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा फुटणं एवढाच भंग धरलेला नाही. वैयक्तिक डेटा अपघाताने नष्ट होणंही त्याच व्याख्येत बसतं, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मालकाला अधिकार बांधण्याचं काम पटत नसेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

झालं की नाही, ते कसं कळेल

एजंटच्या लॉगिनने स्वतः आत जा आणि डिलीट, अट नसलेला अपडेट, ट्रंकेट, ड्रॉप आणि ते साफसफाईचं फंक्शन, सगळं चालवून बघा. प्रत्येकाला नकारच मिळाला पाहिजे. हे चालू डेटाबेसवर करू नका, प्रतीवर करा. पीजी डंपमध्ये रोल येत नाहीत, ते पीजी डंप ऑलने वेगळे काढावे लागतात. नाहीतर प्रतीवरचे अधिकार वेगळे असतील आणि चाचणीला अर्थ राहणार नाही. हीच चाचणी स्क्रिप्टमध्ये घालून प्रत्येक मायग्रेशननंतर चालवा, कारण अधिकार सैल होतात ते नवीन टेबल, नवीन फंक्शन किंवा नवीन माणूस आला की.

लॉगमध्ये युजरचं नाव आणि ॲप्लिकेशनचं नाव दोन्ही येऊ द्या, आणि एजंटच्या नावाने नाकारलेल्या आज्ञा आठवड्यातून एकदा वाचा. तो कुठे कुठे धडकतो आहे ते त्यात दिसतं. बऱ्याचदा त्यातून कळतं की कामच चुकीचं सांगितलं गेलं होतं. एका टीमच्या लॉगमध्ये एजंट रोज रात्री एकाच टेबलावर ट्रंकेट करायला जात होता. खोदून पाहिलं तर रिपोर्टच्या कामात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "आधी जुना रिपोर्ट साफ कर." त्याला रिपोर्टसाठी वेगळी स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) करून दिली, तिच्यात हवं ते पुसायची मोकळीक दिली, आणि मूळ टेबलाकडे तो पुन्हा फिरकला नाही.